वाळवंटातला बोनापार्ट

खून करणे एक वेळ सोपे, प्रेताची वासलात लावणे महाकठीण. रहस्यकथा लिहिणाऱ्या मंडळींची सारी भिस्त या एका गोष्टीवर असते. खुनी कितीही हुशार असो, मागे काहीतरी उरतेच. आणि जे उरते त्याचा धागा धरून कोणी झुंजार, कोणी शेरलॉक होम्स शेवटच्या प्रकरणात येऊन उभा राहतो. पण समजा, काहीच उरले नाही तर? हाड नाही, दात नाही, सदऱ्याचे बटणसुद्धा नाही! मग गुप्तहेराने हुंगायचे तरी काय?

हा प्रश्न १९२९ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात, उंटांच्या एका सरकारी ठाण्यावर, रात्रीच्या गप्पांत चार-पाच माणसांनी चघळला. विचारणारा होता लेखक. त्याला कादंबरी लिहायची होती. उत्तर शोधणाऱ्याला वेळ घालवायचा होता. ऐकणाऱ्यांपैकी एकाने मात्र ते उत्तर मनात जपून ठेवले, आणि पुढे कादंबरी छापून होण्याच्या आतच ते वापरूनही पाहिले.

लेखकाचे नाव आर्थर अपफील्ड. आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. फार वर्षांपूर्वी मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याची एक फाटकी कादंबरी मला मिळाली, आणि ती वाचून संपेपर्यंत त्या घामट मे महिन्यातही घशाला जी कोरड पडली ती माझ्या अजून लक्षात आहे. एका माणसाने पस्तीसेक वर्षे एकाच नायकावर एकोणतीस कादंबऱ्या लिहाव्यात, आणि त्यांतल्या बहुतेकींत खून इतकीच वाळूही महत्त्वाची असावी, ही काही लहान गोष्ट नव्हे.

अपफील्ड जन्माने इंग्रज. १८९० साली हॅम्पशायर परगण्यातल्या गॉस्पोर्ट या बंदरगावी कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरात तो जन्मला. पोराचे अभ्यासात लक्ष नाही, परीक्षेत दिवे लावले, तेव्हा वैतागलेल्या बापाने त्याला ऑस्ट्रेलियाच्या आगबोटीत बसवून दिले. त्या काळी इंग्लंडातले अनेक बाप उनाड पोरांवर हाच उतारा करीत. हे पोर मात्र तिथे रमले. मेंढ्यांचे कळप हाक, तांड्यांना स्वयंपाक करून घाल, ओपल नावाच्या रत्नदगडासाठी जमीन खण, कुंपणे दुरुस्त कर, असे पडेल ते काम करीत तो देशाच्या अंतर्भागात भटकत राहिला. मध्यंतरी पहिले महायुद्ध आले. त्यात तो ऑस्ट्रेलियन सैन्यातून गॅलिपोलीला आणि फ्रान्सला लढून आला, एका ऑस्ट्रेलियन परिचारिकेशी त्याने लग्न केले. परंतु संसारात त्याचे मन लागले नाही. पुन्हा पाठीवर वळकटी टाकून तो त्या तांबड्या मातीत परतला.

आता त्या मुलखाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण आमच्या कथेतले खरे नाट्य सशांपासून सुरू होते.

१८५९ च्या नाताळात टॉमस ऑस्टिन नावाच्या एका जमीनदाराने शिकारीची हौस भागवण्यासाठी इंग्लंडहून चोवीस ससे मागवले आणि व्हिक्टोरिया प्रांतातल्या आपल्या वाडीवर सोडले. ससा हा प्राणी दिसायला गरीब. पण त्याला खायला मोकळे रान आणि मागे लागायला पुरेसे शत्रू नाहीत, अशी सोय झाल्यावर त्याने जे केले ते पाहून टोळधाडीनेही कानाला हात लावावा. पन्नास वर्षांच्या आत हे ससे सगळा खंड ओलांडून पश्चिमेकडे येऊन थडकले. गवत संपले, मेंढ्या उपाशी पडल्या. ही टोळी थोपवायची कशी? सरकारने एक अचाट बेत केला. दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत, वाळवंटातून, तारेच्या जाळीचे एक सलग कुंपण! १९०१ ते १९०७ या काळात ते उभे राहिले. लांबी १,१३९ मैल, म्हणजे सुमारे १,८३३ किलोमीटर. त्याला मदत म्हणून पुढे आणखी दोन कुंपणे घातली गेली. ससे मात्र पहिले कुंपण पुरे होण्याच्या आतच पलीकडे पोचले होते. सरकारी कामे सर्वत्र सारखीच.

तरी एकदा घातलेले कुंपण सांभाळणे आले. कुठे वाळूच्या ढिगाखाली जाळी गाडली जाई, कुठे कांगारू आणि एमू पक्षी ती फाडीत, कुठे पुरात खांब वाहून जात. म्हणून कुंपणाच्या बाजूने राखणदार नेमले होते. महिनोन् महिने दुसऱ्या माणसाचे तोंड न पाहता ते कुंपणाकडेने फिरत. घोड्यांचा तिथे टिकाव लागत नसे. गाडीला उंट जुंपावे लागत. मोठी मौज अशी की, त्या खंडात उंटही परके आणि तेही आपल्याकडून गेलेले. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या शोधमोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून मेलबर्नला गेले. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती, तेव्हा त्या उंटांना आपण आपल्याच सरकारचे उंट म्हणायला हरकत नाही. पुढे हजारो उंट गेले, आणि त्यांच्याबरोबर सिंध, बलुचिस्तान, पंजाब, अफगाणिस्तान इकडचे उंटवालेही गेले. गोऱ्यांनी त्या सगळ्यांना सरसकट 'अफगाण' करून टाकले. रेल्वे आणि मोटारी येण्यापूर्वी मध्य ऑस्ट्रेलियाला पीठ, चहा, तारेची भेंडोळी आणि टपाल पोचवले ते याच लोकांनी. चोवीस सशांनी देश बुडवला आणि दुसऱ्याच वर्षी आलेल्या चोवीस उंटांच्या जातभाईंनी त्यांच्याविरुद्धच्या कुंपणाच्या गाड्या ओढल्या. इतिहास कधी कधी असा जुळवून विनोद करतो.

या कुंपणावर अपफील्ड तीनेक वर्षे राखणदार होता. दिवसा जाळी शिवायची, रात्री उंट बांधून झाल्यावर कंदिलाच्या उजेडात कादंबरी लिहायची.

त्याचा नायक याच्या थोडे आधीच जन्मला होता. पहिल्यांदा त्याने आपल्या 'बॅराकी'च्या रहस्यकथेत साधा, गोरा, चारचौघांसारखा पोलीस अंमलदार घातला होता. कथा जमेना. त्या सुमारास न्यू साउथ वेल्समधील डार्लिंग नदीच्या बाजूला त्याची गाठ लिऑन नावाच्या एका मागकाढ्याशी पडली. बाप गोरा, आई तिथली मूळची रहिवासी, क्वीन्सलंडच्या पोलिसांसाठी माग काढण्याचे काम केलेला, आणि वाचनाचा नाद असलेला असा हा माणूस. दोघांनी पुस्तकांची देवघेव केली. लिऑनने दिलेल्या पुस्तकांत नेपोलियनचे एक चरित्र होते, असे अपफील्ड सांगत असे. बस्स! गोरा अंमलदार रद्द झाला आणि त्याच्या जागी आला डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर नेपोलियन बोनापार्ट. कादंबरीतली त्याची जन्मकथा अशी, की चंदनाच्या झाडाखाली मेलेल्या आईच्या कुशीत हे मूल सापडले, मिशनच्या अनाथालयात आणले गेले, आणि तिथे नेपोलियनच्या चरित्राची पाने तोंडात घालून चघळत असताना मेट्रनबाईंच्या दृष्टीस पडले. नाव ठेवायला वेगळे बारसे कशाला हवे?

'बॅराकी'ची कथा १९२९ साली प्रसिद्ध झाली. बोनी, कारण तो सगळ्यांना आग्रहाने 'मला बोनीच म्हणा' असे सांगतो, अगदी बायकोलाही, विद्यापीठाची एम्. ए. पदवी मिळवलेला आहे. डोळे निळे, कातडी सावळी, बोलणे अदबशीर, आणि गर्व मात्र खऱ्या बोनापार्टलाही शोभावा असा. एकही प्रकरण आपण अर्धवट सोडलेले नाही, हा त्याचा अभिमान. आणि ज्या दिवशी आपण हरू त्या दिवशी आपले सगळे संपले, ही त्याची भीती. गोऱ्यांच्या जगात आपल्याला मिळालेली जागा केवळ यशाच्या खुंटीवर टांगलेली आहे हे तो जाणतो. वरिष्ठांनी 'परत ये' अशी तार केली तरी तो येत नाही. मग त्याला बडतर्फ करतात, काम फत्ते झाले की परत घेतात, आणि हे पुस्तकागणिक चालते.

आता पुन्हा उंटांच्या ठाण्यावर येऊ.

अपफील्डला पुढच्या कादंबरीसाठी, म्हणजे 'विंडीची वाळू' या कथेसाठी, बोनीला पुरून उरेल असा पेच हवा होता. त्याने तो जॉर्ज रिची या सोबत्यापुढे टाकला. रिचीने उत्तर दिले ते असे: प्रेत एखाद्या मोठ्या मेलेल्या जनावराबरोबर जाळायचे, म्हणजे राखेत हाडे सापडली तरी कोणाला संशय येऊ नये. राख थंड झाली की चाळायची. बटणे, बुटांचे खिळे, असे धातूचे जे निघेल ते तेजाबात विरघळवायचे. उरलेली हाडे सोने शोधणाऱ्यांच्या लोखंडी खलात कुटून पीठ करायची आणि ते वाऱ्यावर उधळून द्यायचे. त्या मुलखात जनावरे मरत आणि लोक ती जाळीतच. खल प्रत्येक सोनेवाल्याजवळ असेच. म्हणजे यातली एकही वस्तू बाहेरून आणायला नको!

युक्ती इतकी बिनतोड निघाली की लेखकच अडकला. बोनीने शोधायचे काय? त्याने रिचीला सांगितले, 'यातली एक चूक दाखवून दे, पौंड देतो.' रिचीला चूक सापडेना. मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकापुढे हे कोडे टाकणे सुरू झाले. ५ ऑक्टोबर १९२९ च्या रात्री ठाण्यावर पुन्हा हाच विषय निघाला, तेव्हा अपफील्ड, रिची, कुंपणाच्या निरीक्षकाचा मुलगा, उत्तरेकडचा राखणदार आणि स्नोई रोल्स नावाचा एक तरुण असे बसले होते. रोल्स देखणा, बोलका, घोड्यावर पक्का बसणारा. सगळ्यांना तो आवडे.

त्या वर्षीच्या डिसेंबरात जेम्स रायन आणि जॉर्ज लॉइड हे दोघे रोल्सबरोबर निघाले आणि दिसेनासे झाले. नाताळच्या आदल्या दिवशी यूआन्मी या खाणीच्या गावी अपफील्डला रोल्स भेटला तो रायनची मोटार हाकत. 'रायनने वापरायला दिली', तो म्हणाला. कोणी काही विचारले नाही. त्या मुलखात माणसे येत, काम करीत, एक दिवस निघून जात. मागे चौकशी करणारे कोणी नसे. मैलोगणती कुंपण होते, पण नोंदवही कुठेच नव्हती.

मे १९३० मध्ये लुई कॅरन नावाचा न्यूझीलंडहून आलेला मजूर रोल्सच्या सोबतीने कामावरून निघाला आणि तोही नाहीसा झाला. त्याच्या पगाराचा चेक रोल्सने वटवला. पण इथे रोल्सचे एक गणित चुकले. कॅरनला पत्रे लिहिण्याची सवय होती. त्याचा एक मित्र होता, आणि पत्रे बंद पडताच तो मित्र गप्प बसला नाही. चौकशी सुरू झाली, पोलीस आले. डिटेक्टिव्ह सार्जंट मॅनिंग कुंपणाच्या कडेने निघाला आणि १८३ मैलांच्या झोपडीपाशी (कुंपणावरच्या झोपड्यांना नावे नसत, मैलांचे आकडे असत) त्याला राखेचे ढीग सापडले. त्यांत हाडांचे तुकडे होते, दात होते, आणि एक सोन्याची अंगठी होती.

ती अंगठी कॅरनच्या बायकोने ओळखली, आणि न्यूझीलंडच्या सराफाकडेही तिची खूण निघाली. अंगठी १८ कॅरटची. ती दुरुस्त करताना दुकानातल्या कारागिराने चुकून ९ कॅरटच्या सोन्याने डाख दिला होता, आणि त्या जोडाचा फिका रंग उठून दिसत होता. एरवी गिऱ्हाइकाने तक्रार केली असती असली ही चूक. तिने माणूस फासावर चढवला. सोने साध्या तेजाबाला दाद देत नाही, हे आपल्याकडचा कोणताही सोनार सांगेल. रोल्सने ते लक्षात घेतले नाही. किंवा या वेळी त्याला इतका आत्मविश्वास आला होता की, चाळण्या-कुटण्याचा कंटाळा त्याने केला.

मॅनिंगने रोल्सला पाहताक्षणी ओळखले. त्याचे खरे नाव जॉन टॉमस स्मिथ. घरफोडीबद्दल अटक झाल्यावर तुरुंगातून पळालेला. आधी त्यासाठी त्याला धरले, मग खुनाचा आरोप आला. मार्च १९३२ मध्ये पर्थला खटला उभा राहिला, आणि साक्षीदारांच्या पिंजऱ्यात उभा राहिला स्वतः कादंबरीकार. त्याला सांगावे लागले की प्रेत नाहीसे करण्याची ती रीत आरोपीच्या समक्ष कशी चर्चिली गेली होती. रहस्यकथेच्या इतिहासात दुसऱ्या कोणा लेखकावर असा प्रसंग आल्याचे माझ्या वाचनात नाही. कल्पना करा: आपण रात्री रचलेला खून दिवसाउजेडी न्यायाधीशापुढे सांगायचा, आणि समोर बसलेला माणूस आपल्याच पंगतीत जेवलेला! खटला एकट्या कॅरनच्या खुनाचा चालला. रायन आणि लॉइड यांचा आरोप न्यायालयापुढे कधी आलाच नाही. १३ जून १९३२ रोजी फ्रीमँटलच्या तुरुंगात रोल्सला फाशी दिले.

'विंडीची वाळू' १९३१ मध्ये बाहेर पडली होती. कादंबरीतल्या खुन्याची चूक अपफील्डला अखेर सापडली. ती कोणती हे इथे सांगून पुढेमागे पुस्तक वाचणाऱ्याची मौज घालवण्याचे पाप मी करणार नाही. अंगठी मात्र त्यात नाही. खटल्यामुळे पुस्तकाचा आणि लेखकाचा बोलबाला झाला. लेखकाला याबद्दल काय वाटत असेल? त्याने या खुनांवर पुढे एक छोटे पुस्तकही लिहिले. पश्चात्तापाने छाती पिटून घेणारा तो गृहस्थ नव्हता. पण त्यानंतरच्या कादंबऱ्यांत एक गोष्ट वारंवार येते: एकाकी ठाणे, चार-सहा माणसे, गप्पा, आणि त्या गप्पांतल्या कोणाच्या मनात काय शिजते आहे याचा पत्ता नसणे. हे त्याने नुसते कल्पनेने लिहिले नसावे, असे मला वाटते.

या कादंबऱ्यांतला गुन्हा पुष्कळदा विसरला जातो, मुलूख विसरला जात नाही. 'तळ्याचा मृत्यू' (१९५४) ही माझी आवडती. लॉटरी लागलेला एक तरुण तळ्यात बुडून मरतो. पैसा सापडत नाही. दुष्काळ पडतो आणि तळे दिवसागणिक आटू लागते. वस्तीवरचे सगळेजण रोज सकाळी पाण्याची पातळी बघतात, वरकरणी हवापाण्याच्या गोष्टी करतात, आणि मनात मात्र एकच: तळ उघडा पडेल तेव्हा प्रेताजवळ पहिला कोण पोचणार? पाणी संपताना मासे तडफडतात, पक्षी लाखांनी जमतात, ससे आणि कांगारू चिखलात येऊन मरतात. ज्याने मराठवाड्यात किंवा माणदेशात तलाव आटताना पाहिला आहे त्याला ती पाने वाचताना परका देश आठवणार नाही. 'दोन टोळ्यांचा माणूस' (१९५६) मध्ये नलरबॉरचे झाडही नसलेले सपाट पठार आहे आणि बोनी उंट घेऊन त्यात शिरतो. 'हाड रोखले' (१९३८) मध्ये त्याच्यावर जमातीची करणी होते, एम्. ए. झालेल्या बोनीचा त्यावर विश्वास नाही, पण अंग झिजत जाते. १९४८ साली अपफील्ड उत्तर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एक मोठी भौगोलिक मोहीम घेऊन गेला. त्या वाटेवर पाहिलेले वुल्फ क्रीकचे उल्काविवर पुढे १९६२ च्या एका कादंबरीत आले. विवराच्या मधोमध प्रेत, आणि भोवती पाऊलच नाही!

बोनीचे शास्त्र म्हणजे पाऊल. वाळूवर प्रत्येक माणसाची सही असते असे तो मानतो. कोण लंगडतो, कोणाला झोप आली होती, कोणी पाठीवर ओझे घेतले होते, हे तो वाचतो. आपल्याकडे जुन्या गावगाड्यात रामोशी आणि जागले हेच काम करीत. चोराचा माग शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हवाली करायचा. त्याच रामोशांसारख्या जमातींवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने सुरू झालेली 'गुन्हेगार' ही चिठ्ठी चिकटवली, ती १९५२ साली निघाली. ऑस्ट्रेलियातली गोष्ट याहून फार निराळी नव्हती, आणि इथे बोनीच्या चाहत्याला जरा अडखळावे लागते.

ज्या १९३१ साली मॅनिंग राख चाळत होता त्याच वर्षाच्या ऑगस्टात, त्याच कुंपणाच्या कडेने, तीन मुली चालत निघाल्या होत्या. मॉली, ग्रेसी आणि डेझी. थोरली सुमारे चौदा वर्षांची. त्यांच्या आया तिथल्या मूळ रहिवासी, आणि मॉलीचा बाप कुंपणावर काम करणारा गोरा. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्या वेळी ऑबर नेव्हिल नावाचा अधिकारी मूळ रहिवाशांचा 'मुख्य संरक्षक' होता. मिश्र रक्ताची मुले आयांपासून काढून वसाहतीत ठेवण्याचा त्याला कायद्याने अधिकार होता आणि तो ते मनापासून करी. या तिघींना जिगलाँगहून उचलून दक्षिणेला मूर नदीच्या वसाहतीत टाकले. मॉली तिथे फार दिवस राहिलीच नाही. आपले गाव कुंपणाला लागून आहे एवढे तिला ठाऊक होते. कुंपण गाठायचे आणि ते सोडायचे नाही! मागावर पोलीस आणि मागकाढे असताना सुमारे १,६०० किलोमीटर चालून मॉली आणि डेझी आयांकडे पोचल्या. ग्रेसी वाटेत पकडली गेली. सशांसाठी घातलेले ते कुंपण सशांना अडवू शकले नाही. या दोन पोरींना मात्र त्याने घरी नेले. मॉलीच्या लेकीने, डोरिस पिल्किंग्टन यांनी, १९९६ मध्ये ही हकीकत पुस्तकरूपाने सांगितली, आणि २००२ मध्ये त्यावर चित्रपट निघाला.

म्हणजे पाहा. कादंबरीत मिशनमध्ये वाढलेला मिश्र रक्ताचा पोरगा एम्. ए. होऊन इन्स्पेक्टर होतो, गोरे जमीनदार त्याला आपल्या टेबलावर जेवायला बसवतात. आणि कंदिलापाशी बसून ही कादंबरी लिहिणाऱ्याच्या उंटगाडीच्या वाटेवरून तसल्याच पोरी पळत असतात. अपफील्डने बोनीला मोठे केले हे खरे. त्या काळी एका गोऱ्या लेखकाने असा नायक करावा, याला धाडस लागत होते, आणि जगभरच्या वाचकांनी त्याच्यावर प्रेम केले. पण बोनीची बुद्धी बापाकडून आणि माग काढण्याची कला आईकडून आली, काळे रक्त त्याला मागे ओढते आणि गोरे पुढे, असला हिशेब तो पानोपानी मांडतो, तो आज वाचवत नाही. खुद्द मूळ रहिवाशांनी आपल्याविषयी लिहिलेले त्या काळी क्वचितच छापले जाई, म्हणून लोकांनी बोनीलाच प्रमाण मानले. १९७२ साली दूरदर्शन मालिका निघाली तेव्हा बोनीचे काम मिळाले न्यूझीलंडच्या जेम्स लॉरेन्सन या गोऱ्या नटाला, तोंडाला रंग फासून.

खऱ्या मागकाढ्यांचे काय? डबो गावच्या पोलीस ठाण्यावर अलेक्झांडर रायली नावाचा मागकाढा होता. हरवलेली मुले, पळालेले कैदी, पुरलेली प्रेते शोधण्यात त्याने आयुष्य घालवले. तो सार्जंट झाला, १९४३ साली त्याला राजाचे पोलीस पदक मिळाले. १९५० मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा पोलिसांचे पेन्शन त्याला मिळाले नाही, कारण मागकाढे पेन्शनच्या नियमात बसत नव्हते. बोनीला पेन्शनची चिंता कधी पडलीच नाही. मूळ रहिवाशांना देशाच्या लोकसंख्येत न मोजण्याचे कलम ऑस्ट्रेलियाच्या घटनेतून १९६७ च्या सार्वमताने निघाले. नव्वद टक्क्यांहून अधिक मते ते काढून टाकण्याच्या बाजूने पडली. आयांपासून तोडलेल्या मुलांची त्या देशाच्या संसदेने १३ फेब्रुवारी २००८ रोजी क्षमा मागितली.

अपफील्डच्या वाटेने पुढे दुसरा एक जण गेला आणि त्याने पुष्कळ शहाणपणा दाखवला. अमेरिकेतील टोनी हिलरमन. पोरवयात बोनीच्या कथा वाचलेल्या या वार्ताहराने १९७० पासून ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील नवाहो लोकांवर रहस्यकथा लिहिल्या. त्याचे नायक लीपहॉर्न आणि ची हे दोघे नवाहो पोलीस. रक्ताचा हिशेब तिथे नाही, आचारविचारांचा आहे. तरुण ची तर पोलिसाची नोकरी सांभाळून जमातीच्या शांतिविधींची गाणी शिकत असतो. १९८७ साली नवाहो लोकांनी हिलरमनला आपला खास मित्र म्हणून गौरवले. अपफील्डच्या वाट्याला असा मान कोठून येणार? तरी आपले ऋण हिलरमनने कधी लपवले नाही, अपफील्डच्या एका पुस्तकाला त्याने प्रस्तावनाही लिहिली. अठरा कादंबऱ्या लिहून तो २००८ मध्ये वारला, आणि २०१३ पासून त्याची मुलगी ॲन हिने तीच माला पुढे चालवली.

अपफील्ड १९६४ च्या फेब्रुवारीत वारला. टेबलावर एक कादंबरी अर्धी पडली होती. त्याच्या टिपणांवरून दुसऱ्यांनी ती पुरी केली आणि १९६६ मध्ये ती प्रसिद्ध झाली, 'लेक फ्रोमचा राक्षस'. तीत बोनी पुन्हा एकदा वेष पालटून निघतो. या वेळी तो मजूर होतो, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरहद्दीवर रानकुत्र्यांना अडवण्यासाठी घातलेल्या एका लांबलचक कुंपणाची जाळी शिवीत, सोबत उंट घेऊन, वाळूतून चालू लागतो. आणि ज्या राक्षसाला सगळी वस्ती भीत असते तो म्हणजे कोणी भूतपिशाच्च नव्हे. पिसाळलेला एक मोकाट उंट आहे.